बदकांची लांब दुनळी

माझ्या मेव्हण्याचा मी दोन महिने मनापासून हेवा केला, आणि त्यात त्याचा जीवही गेला असता.

आम्हा दोघांनाही जुन्या दुनळी बंदुकांचं वेड. त्यातही पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी बनवलेल्या लांब पल्ल्याच्या बंदुकांचं. शिकार कधीच बंद झाली, आम्ही क्लबच्या रेंजवर मातीच्या तबकड्याच उडवतो. परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे संग्रह म्हणजे तरी काय, दोन नग! माझ्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या. एक वडिलांची, दुसरी मी घेतलेली साधी बारा बोअर.

अंधेरीच्या ओळखीच्या एका काकूंनी बंदूक विकायचीय म्हणून फोन केला. त्यांचे यजमान तरुणपणी खाडीवर बदकं मारायचे. ते गेल्यावर बंदूक डीलरकडे जमा होती. मी बघायला गेलो. बत्तीस इंची नळ्या, लांब काडतुसाची, उंचावरून जाणाऱ्या बदकांसाठीच बनवलेली. खांद्याला लावली आणि खाली ठेववेना.

"विचार करून सांगतो, काकू," म्हणालो. वडिलांची सोडवत नव्हती आणि दुसरीला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. तेवढ्यात मीच शहाणा, मेव्हण्याला तिचं वर्णन करून बसलो. त्याच्या परवान्यावर एक जागा रिकामी होती. महिनाभरात कागदपत्रं करून बंदूक बोरिवलीत!

"भावोजी, तुमच्यामुळे मिळाली हो," तो म्हणाला. हे जास्त लागलं.

मग मी दर रविवारी मुलुंडहून बोरिवलीला जाऊ लागलो. बायकोला सांगायचो, त्याला साफसफाई शिकवतोय. पहिल्याच रविवारी नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, बोटावर टांगल्या आणि टिचकी मारली. नळ्या धड असतील तर घंटेसारख्या वाजतात. या वाजल्या फुटक्या मडक्यासारख्या. दोन नळ्यांमधला जोड सुटला होता. आत ओल जाते, गंज नळी खातो. अशी बंदूक झाडायची नसते, नळी तोंडाशी फुटू शकते.

मी काही बोललो नाही. तो आत चहा टाकत होता. आणि मला, खरं सांगतो, गारेगार वाटलं. असू दे. मिरव म्हणावं.

त्यानंतरचे सगळे रविवार मी त्याच्याकडे कांदेपोहे खाल्ले आणि गप्प राहिलो. तो नुसता तेल लावून पुसायचा. झाडायची वेळ आली की सांगू, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

एका सकाळी त्याचा फोन आला. "भावोजी, आज रेंजवर या ना. झकास लांब काडतुसं मिळालीत."

मी पोचलो तेव्हा तो काडतुसं भरून उभा होता. क्लबातले चारजण कौतुकानं बघत होते. एकजण म्हणाला, "काय चीज आहे यार!" त्या क्षणीसुद्धा माझं तोंड उघडेना. त्यानं बंदूक खांद्याला लावली, गाल दस्त्याला टेकवला. त्याची बहीण असाच गाल टेकवून झोपते.

"थांब! झाडू नकोस! जोड सुटलाय तिचा."

त्यानं बंदूक उघडली, काडतुसं काढली. मी सांगितलं तशा नळ्या सोडवून टांगल्या आणि टिचकी मारली. बाकी सगळं मी आधीच शिकवलं होतं, ही परीक्षा सोडून.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या रविवारी."

त्यानं नळ्या खाली ठेवल्या. "दोन महिने माझ्याकडे चहा पीत होतात ना, भावोजी?"

घरी येऊन बायकोला मीच सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. त्या दिवशी ती एकटीच बोरिवलीला गेली आणि दोन दिवस राहून आली.

भाऊबीजेला तो आला. माझ्याशी हवापाण्याचं बोलला. बंदुकीचा विषय निघाला नाही. नंतर बायकोकडून कळलं, कारागिरानं जोड नवा बसवला, नळ्या आतून शाबूत निघाल्या, बंदूक उत्तम चालते.

"बरं झालं," मी म्हणालो.

मला बरं वाटलं नव्हतं.