डाव्या बाहीचं कटिंग

सांगळे काकांच्या नंबरवरून त्या सकाळी दोनदा फोन आला आणि मी दोन्ही वेळा घेतला नाही. त्यांना काय विचारायचं असणार ते मला माहीत होतं, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिसऱ्यांदा घेतला, तर पलीकडे त्यांची मुलगी. बाबांना जाऊन बारा दिवस झाले, म्हणाली... छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. मग तिने विचारलं, "मावशी, आईच्या ब्लाउजचं कागदी कटिंग तुमच्याकडे आहे का? बाबा म्हणायचे, नाशिकला दिलंय." मी हो म्हणाले. कटिंग माझ्या कपाटात होतं. दोन महिने, न उघडलेल्या पाकिटात. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले, तरी फोन वाजला की माझा हात आपोआप पुढे जातो, कोणाचाही असो.

गंगापूर रोडला माझ्या घरी आम्ही सात-आठ जणी महिन्यातून एकदा जमतो. सगळ्या हौशी, घरच्या मशीनवर शिवणाऱ्या. कोणाकडे साडीचा उरलेला तुकडा असतो, कोणी हौसेनं घेतलेलं दीड मीटर कॉटन आता नकोसं झालेलं असतं, कोणी कुर्त्याचं कागदी कटिंग आणते. सतरंजीवर सगळं मांडायचं, आवडेल ते उचलायचं, आपलं दुसरीला द्यायचं. अशाच एका भेटीला काका पहिल्यांदा आले. सिन्नरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. पुढून पूर्ण उघडणाऱ्या ब्लाउजचं कटिंग मिळेल का, बायकोसाठी हवंय, एवढंच म्हणाले. आम्हाला वाटलं, काकू शिवत असतील. तिसऱ्या भेटीत कळलं की काकूंना अर्धांगवायू झालाय, डावा हात कोपरात वाकून आखडलाय, शिंप्याकडचा एकही ब्लाउज अंगात जात नाही, म्हणून काका साठीनंतर मशीन चालवायला शिकलेत. कटिंगवर मापं इंचात नाही, मिलिमीटरमध्ये लिहायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे. त्यांनी काढून दिलेल्या कॉलरच्या कटिंगवरच मी अजून शर्ट शिवते.

पण दोघी-तिघींना अवघडल्यासारखं व्हायला लागलं. पुरुषमाणसासमोर छातीची मापं कशी बोलायची, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते काही चूक नव्हतं. काकांना वेगळ्या वेळी बोलवता आलं असतं. तेवढी तसदी न घेता मी मेसेज टाकला, यापुढे भेट फक्त बायकांची. "हरकत नाही ताई," असं उत्तर आलं. त्यानंतरही सिन्नरहून नाशिकला नोकरीला येणाऱ्या त्यांच्या शेजारणीच्या हातून ते आमच्यासाठी कापडाचे तुकडे पाठवत राहिले. शेवटी आलं ते पाकीट. आत काकूंच्या ब्लाउजचं कटिंग आहे, तुम्हाला बघायला सांगितलंय, असा निरोप शेजारणीने दिला होता. उघडलं असतं तर त्यांच्याशी बोलावं लागलं असतं... म्हणून नाही उघडलं.

मुलीचा फोन ठेवल्यावर उघडलं. आत वर्तमानपत्राच्या कागदाचं ब्लाउजचं कटिंग, सगळ्यात वर डावी बाही, आणि चिठ्ठी. 'ताई, डावा मुंढा अडतो, बाहीतून हात आत जात नाही. हिला दुखतं, पण सांगत नाही. माझं डोकं चालेना. तुम्ही बघाल का?'

मी माझा डावा हात वाकवून ओढणीने छातीशी बांधून घेतला आणि एका हाताने आरशासमोर त्या कटिंगवरून शिवलेला ब्लाउज घालून बघत बसले. दोनदा शिवलं, दोनदा उसवलं. मग खांद्याची शिवण आणि बाही, दोन्ही वरून खालपर्यंत उघडी ठेवून टिचबटणं लावली. आता हात आत घालायलाच नको, कापड हातावर पांघरायचं आणि बटणं दाबायची. एका दुपारचं काम होतं. एका दुपारचं... हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

त्याच आठवड्यात बसने सिन्नरला गेले. मुलीने काकूंना ब्लाउज चढवला. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटचं बटण लागलं तसे त्यांनी डोळे उघडले आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "नाय दुखलं." तेव्हा मला राहवलं नाही. कटिंग दोन महिने माझ्याकडे नुसतं पडून होतं, हे सांगून टाकलं. मला 'असू दे' ऐकायचं होतं.

"त्यांनी लय वाट पाह्यली," काकू म्हणाल्या. बस, एवढंच.

मुलीने काकांनी आणून ठेवलेलं निळं कापड काढलं, दुसराही इथेच शिवाल का म्हणाली. मी काकांच्या मशीनवर बसले. उजेडासाठी मशीन खिडकीकडे तोंड करून ठेवलेलं, म्हणजे शिवणाऱ्याची पाठ पलंगाकडे. मशीनच्या डोक्याला स्कूटरचा आरसा पट्टीने आवळून बसवला होता. हा कशाला, मी विचारलं.

"मला बघाया लावला व्हता," काकू मागून म्हणाल्या. "दुखलं तरी मी तोंडानं सांगत नव्हते. पन त्यात दिसायचं त्यांना."

मी वर बघितलं. आरशात काकूंचा चेहरा आणि डावा खांदा, तेवढंच मावत होतं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी मान खाली घालून चार टाके मारले, आणि पुन्हा वर बघितलं.