सुमंगलाबाई आणि ट्रायम्फ

माळव्यातल्या धारमध्ये बायकांना स्कूटी शिकवणाऱ्या सुमंगलाबाई शिंद्यांचा गेल्या हिवाळ्यात एका महिला मंडळाने सत्कार केला. शाल, नारळ, फोटो, सगळं रीतसर झालं. पण बाई घरी परतल्या त्या एका शब्दात अडकून. सूत्रसंचालन करणारा अंशुल नावाचा तरुण हिंदीत बोलता बोलता मध्येच इंग्रजीत शिरला आणि म्हणाला, "दिस इज अ ट्रायम्फ ओव्हर फियर." टाळ्या पडल्या. फियर म्हणजे भीती हे बाईंना ठाऊक होतं. तो आधीचा शब्द मात्र कानाला लागून निसटला होता.

घरी सासरे, नारायणराव, पलंगावर पत्ते पिसत बसले होते.

"मामंजी, ट्रम्प म्हणजे काय हो?"

"हुकूम," नारायणराव म्हणाले. "तुरूप. हुकमाची दुर्री असली तरी समोरच्याचा एक्का मारून नेते. का गं?"

"मला स्टेजवर म्हणाले तसं काहीतरी."

"तुला हुकमाचं पान म्हणाले? मग चांगलंच म्हणाले की सूनबाई."

बाईंचं समाधान झालं नाही. भीतीवर हुकूम कसा टाकतात? त्यांनी देवासला मुलीला, शिखाला, फोन लावला. शिखा तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते.

"आई, ट्रम्प नाही, ट्रायम्फ," शिखा हसत म्हणाली. "मतलब खूप मोठं यश. विजय."

"मग सक्सेस म्हणायला काय झालं होतं त्याला?"

"सक्सेस कशालाही चालतं. मुलगा पास झाला, सक्सेस. दुकान चाललं, सक्सेस. ट्रायम्फ म्हणायचं तर समोर काहीतरी अवघड पाहिजे, तुला दाबून ठेवणारं. म्हणून पुढे ओव्हर येतं. कशावर तरी ट्रायम्फ. आपण आजारावर मात केली म्हणतो ना, अगदी तसं."

"म्हणजे माझे दहीवडे सगळ्यांना आवडले, तर तो ट्रायम्फ नाही."

"थट्टेत म्हणता येईल. पण तुझ्या दहीवड्यांना कुणाशी लढावं लागलं?"

शिखाने मोबाइलवर शोधून आणखी एक गंमत सांगितली. जुन्या काळी रोममध्ये सेनापती लढाई जिंकून आला की त्याची शहरातून मोठी मिरवणूक काढत, त्या मिरवणुकीलाच हा शब्द होता. आणि पत्त्यांमधला ट्रम्पही त्याच शब्दातून निघालेला. म्हणजे आजोबा अगदीच चुकले नव्हते. हे ऐकून नारायणरावांनी दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं, की इंग्रजांचा ट्रायम्फ म्हणजे आपली फत्ते आणि वर हत्तीवरून मिरवणूक. हत्ती त्यांनी पदरचा घातला.

बाई मात्र मिरवणुकीपाशी थबकल्या. मिरवणूक म्हणजे लोकांनी बघायला हवं. आणि त्या स्कूटी शिकल्या होत्या कुणी बघू नये म्हणून पहाटे, शेजारच्या साळवींच्या घरामागच्या मोकळ्या मैदानावर.

त्याला कारण होतं बदनावरचा रस्ता. बाईंचे थोरले भाऊ मानाजी बदनावरच्या मंडीत सोयाबीनच्या तोलाईचं, वजनमापाचं काम करतात. काही वर्षांपूर्वी ते बहिणीला दिवाळीसाठी माहेरी नेत होते. बाई मोटारसायकलवर मागे बसल्या होत्या. वळणावर नीलगाय आडवी आली. बाई कडेच्या गवतात फेकल्या गेल्या आणि खरचटण्यापलीकडे त्यांना काही झालं नाही. मानाजींचा पाय गुडघ्याखाली पार चेचला होता. फोनला नेटवर्क नव्हतं. मोटारसायकल मात्र धड होती. आडवी पडूनही तिचं इंजिन चालूच होतं. पुढचं गाव जवळ होतं आणि बाईंना गाडी चालवता येत नव्हती. पदराने पाय घट्ट बांधून, भावाचं डोकं मांडीवर घेऊन त्या तशाच बसून राहिल्या, आणि ती गाडी शेजारी घुरघुरत राहिली. एक ट्रॅक्टरवाला येईपर्यंत.

मानाजी वाचले. पाय वाचला, पण कायमचा आखडला.

त्यानंतर बाईंनी ठरवलं, आपल्याला गाडी आली पाहिजे. ठरवणं सोपं होतं. हँडल धरलं की बदनावरचं ते वळण डोळ्यांपुढे येई. किल्ली फिरवली की ती घुरघुर ऐकून त्या लगेच गाडी बंद करत. नवरा पिथमपूरच्या कारखान्यात पाळीवर जाई. तो म्हणे, "नाही जमत तर सोड ना." त्यांनी सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कधीतरी त्या मैदानाला एक पूर्ण फेरी मारून आल्या, तेव्हा बघायला एक कुत्रं होतं फक्त. पुढे शेजारणीने विचारलं, मग तिच्या बहिणीने, आणि हळूहळू बाई शिकवायलाच लागल्या.

"पण शिखा," पुढच्या फोनवर बाई म्हणाल्या, "मला अजून भीती वाटते. रोज. किल्ली फिरवताना वाटतेच. मग त्या मुलाने शब्द चुकीचा वापरला का?"

शिखाने डिक्शनरी काढली. "डिक्शनरीत इतकंच दिलंय, की मोठी झुंज देऊन मिळवलेला विजय. हरलेला नंतर कुठे जातो ते नाही दिलं."

"तो जात नाही कुठे," बाई म्हणाल्या. "शेजारीच राहतो."

यानंतर बाईंना नादच लागला. टीव्हीवर भारत जिंकला की विचारायच्या, हा ट्रायम्फ का नुसती जीत? शिकायला येणाऱ्या अल्पनाताई पहिल्यांदा वळण घेऊन न पडता परत आल्या, तेव्हा बाईंनी तो शब्द वापरून बघितला. अल्पनाताई इंदुरी थाटात म्हणाल्या, "अरे भिया, आधी ब्रेक कुठाय ते सांगा."

संक्रांतीला बाई तिळगूळ घेऊन बदनावरला गेल्या, स्कूटीवरून. त्या वळणाशी त्या नेहमी वेग कमी करतात, तसा केला. मानाजी ओट्यावर पाय लांब करून बसले होते. अपघातानंतर ते दुचाकीवर बसले नव्हते. मंडीत ऑटोने जात, ऑटो नसला तर पायी, लंगडत.

बाईंनी सत्काराची, शब्दाची, रोमच्या मिरवणुकीची सगळी हकिकत सांगितली. मानाजी मन लावून ऐकत होते.

"म्हणजे भीती वाटत असली तरी चालतं त्यात?" त्यांनी विचारलं.

"मला वाटतं, चालतं दादा. शिखाला नक्की माहीत नाही."

"आणि कुणी बघितलंच नाही तर?"

"तेच मला कळेना. मिरवणुकीशिवाय त्याला काय म्हणायचं, ते शिखाने सांगितलं नाही."

मानाजींनी तिळगुळाचा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ ते स्कूटीकडे बघत होते. मग म्हणाले, "मंडीत जायचंय मला. ऑटो आज मिळणार नाही."

सणाचा दिवस, मंडी बंद. बाईंना ते माहीत होतं. त्यांनी फक्त पाय ठेवायला मागचं पायदान उघडून दिलं.

आखडलेला पाय बसेना, तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून ठेवला. बाईंनी किल्ली फिरवली. मागून मानाजींची बोटं त्यांच्या खांद्यात रुतली, इतकी की ब्लाउजची शिवण उसवली. गल्ली संपली, दवाखाना गेला, पिंपळ गेला. मंडीच्या बंद फाटकासमोर बाईंनी गाडी थांबवली.

"पोचलो," त्या म्हणाल्या.

"मी बघितलं," मानाजी म्हणाले. खाली मात्र उतरले नाहीत. "आता परत चल. जरा हळू."

घरी आल्यावर वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या चहा टाकायला आत गेल्या. बाईंनी अंगणात उभं राहून शिखाला फोन लावला.

"एक विचारायचं होतं. दोन माणसं मिळून असतील आणि दोघांनाही भीती वाटत असेल, तर तो शब्द एकदा वापरायचा की दोनदा?"

"असं मला वर्गात कुणी विचारलं नाही अजून," शिखा म्हणाली. "कोण दोघं?"

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि ओट्यावर बसून पहिल्यापासून सांगू लागल्या.