बठ्ठं नशीब

अक्काचा उजवा हात मनगटाच्या वर कापावा लागला, तेव्हा मी जळगावला कॉलेजात होते. निरोप आला तशी मिळेल ती एसटी पकडून धुळ्याच्या दवाखान्यात पोचले. अक्का माझी मोठी बहीण. आमच्या चुलत काकांच्या, म्हणजे नानांच्या खळ्यात गव्हाची मळणी चालली होती. बाया कमी पडल्या म्हणून ती मदतीला गेली आणि मळणी यंत्रात पेंढ्या सारताना बांगड्यांसकट तिचा हात आत ओढला गेला.

भेटायला गावाकडची माणसं येत. कॉटच्या पायथ्याशी बसून आईला म्हणत, "नशीबमा व्हतं ते झायं, बाई." आणि तीच माणसं उठताना म्हणत, "नशीब, जीव तरी वाचला." हात नशिबाने नेला, जीवही नशिबानेच वाचवला. मग ज्याच्या खळ्यात यंत्र चालू होतं त्याला विचारायचं असं काही उरतच नव्हतं. मला त्या शब्दाची चीड यायला लागली ती त्या कॉटजवळ.

आईचे कपडे आणायला गावी गेले तेव्हा वाटेत खळ्यात थांबले. यंत्र तसंच उभं होतं. त्याच्या तोंडावर जो पत्रा असतो, हात आत जाऊ नये म्हणून, तो नव्हता. तो गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला होता आणि त्याच्या आडोशाला कोंबड्या बसल्या होत्या. यंत्र चालवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "नानांनी काढायला लावला. पत्रा असला की पेंढी हळू जाते."

मी तशीच नानांच्या ओट्यावर गेले.

"नाना, पत्रा का काढला?"

"बठ्ठाच काढतस."

"सगळे काढत असतील, पण अक्काचा हात गेला त्यामुळे."

"बाकीस्ना हात गयात का?" नाना शांतपणे म्हणाले. "तेच तं सांगी रहायनू मी. तिनं नशीब."

तिचं नशीब म्हणे! मी तोंडाला येईल ते बोलले. नाना पान लावत राहिले. घरी आल्यावर वडील मलाच रागावले, मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून. त्यांचा आवाज कापत होता. भावाला जे विचारायची त्यांची हिंमत नव्हती, ते मी विचारून आले होते.

अक्का घरी आल्यावर काही दिवसांतच तिच्या होणाऱ्या सासरहून माणसं आली. साखरपुडा झालेला होता. मुलाचे वडील चहा पिऊन, बशी खाली ठेवून म्हणाले, "योग नव्हता म्हणायचं." नशीब म्हणायला गावंढळ वाटलं असावं. स्वतः मोडलेली सोयरीकसुद्धा त्यांनी आकाशातल्या कुणावर तरी ढकलली. अक्का आतल्या खोलीत ऐकत होती. ती रडली नाही. मला म्हणाली, "दार लाव त्यांच्यामागे."

पुढच्या वर्षी गहू निघाला. यंत्र पुन्हा खळ्यात आलं, पुन्हा उघड्या तोंडाचं. मी सुट्टीला घरी होते. अक्का डोक्यावर पदर घेऊन निघाली, तिच्यामागे मी. ती यंत्राच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"पत्रा बसवा, मग चालू करा."

"हट बाजूले," नाना म्हणाले.

ती हटली नाही. तिने पदराखालचा हात बाहेर काढला, जेवढा राहिला होता तेवढा, आणि कामाला आलेल्या बायांकडे बघितलं. त्यातल्या एका वयस्कर बाईने हातातली पेंढी खाली टाकली. मग दुसरीने. नाना ट्रॅक्टरवाल्यावर खेकसले, जणू सगळं त्याच्यामुळेच अडलं होतं. त्याने नट आवळायचे पाने आणले आणि पत्रा बसवला.

पुढे काही वर्षांनी अक्काचं लग्न झालं. धुळ्यातल्या शाळेत शिकवणारा माणूस होता तो. त्याने स्वतः येऊन विचारलं. अक्काने त्याला उलटे प्रश्न विचारले, सवड घेतली आणि मग होकार दिला. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेली एक मावशी म्हणाली, "नशीब काढलं हो पोरीनं."

"नशीब नाही, मावशी. तिने पारखून केलंय."

"तेच गं," मावशी म्हणाली आणि वाढप्याला हाक मारून वरण मागितलं.

मी पानावरून उठले. हात धुवायला गेले तर तिथेही दोघीजणी अक्काच्या नशिबाचंच बोलत होत्या.