मधल्या भावाची गिटार

आमच्या व्याह्यांसारखा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, असं त्यांच्या गावाचं एकमुखी मत होतं. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे, सुमनचे सासरे. शहाद्याकडे जाताना तापीकाठी त्यांचं गाव. कापूस, केळी, थोडा ऊस, दोन विहिरी, चार बैल, असा घरचा बरा संसार. उंचेपुरे, सावळे, आणि मिशा अशा की बैलबाजारात समोरचा माणूस त्यांच्याकडे बघूनच किंमत खाली आणायचा. अशा माणसाने पन्नाशीकडे झुकताना भजनी मंडळात जावं, पारावर पत्ते कुटावेत, ग्रामपंचायतीत भांडणं उकरून काढावीत. हे सगळं लोकांनी समजून घेतलं असतं. त्यांनी गिटार घेतली. तीही साधीसुधी नाही, विजेवर चालणारी. आणि गावात वीज नव्हती.

त्याचं असं झालं की गावातली सात-आठ शेतकरी मंडळी एकदा कापसाच्या कामासाठी मुंबईला गेली होती. परतताना प्रत्येकाने काही ना काही घेतलं. कोणी छत्री, कोणी मनगटी घड्याळ, एकाने बायकोसाठी नायलॉनची साडी. आमचे व्याही मात्र वाद्यांच्या एका दुकानासमोर तासभर खिळून उभे. आत कोणी गिऱ्हाईक गिटार वाजवून पाहत होतं. ते न घेताच निघून गेलं आणि हे आत शिरले. दुकानदाराने तीन काढून समोर ठेवल्या, एक स्वस्त, एक महाग आणि एक मधल्या भावाची. यांनी मधली उचलली. का, ते त्यांनी पुढे मला इतक्या वेळा समजावलं की माझं पाठ झालं. "स्वस्त लिधी तं लोके म्हनतीन कंजूस शे. महाग लिधी तं म्हनतीन उधळ्या शे. मधली लिधी तं कोन काय म्हनी?" गावाने दोन्ही म्हटलं, आणि वर वेडा झाला असंही म्हटलं.

गिटार दिसायला देखणी होती, हे मात्र मान्य केलं पाहिजे. मधासारख्या रंगाचं लाकूड, कडेने काळी रेघ, पोटाला गोल भोक, त्या भोकापाशी बसवलेली एक चपटी चकचकीत पट्टी, आणि बुडाशी वायर खुपसायचं छिद्र. ही वायर दुसऱ्या टोकाला यंत्राला जोडली की आवाज दसपट होतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. यंत्र यांनी घेतलं नाही, कारण घरी वीज नव्हती. वायर घेतली, कारण ती गिटारीबरोबरच येत होती. तरी वाजवायला बसताना ते वायर न चुकता खुपसत, आणि तिचं दुसरं टोक ओट्याखाली मोकळं लोंबत राही. एकदा शेजारच्या शेळीने ते हातभर चघळलं. "नुसती कशाला लावता?" असं कोणी विचारलं की म्हणत, "सवय पाहिजे ना. उद्या वीज ऊनी तं?"

गिटारीबरोबर एक पुस्तक मिळालं होतं. ते इंग्रजी. व्याह्यांचं शिक्षण मराठी चौथी. तेव्हा मजकूर सोडून त्यांनी चित्रांवर भर दिला. चित्रात एक गोरा माणूस कोट घालून, उजवा पाय लहानशा चौरंगावर ठेवून, गिटार मांडीवर घेऊन बसलेला होता. यांनी मानलं की कोट आणि चौरंग हे वादनाचेच भाग आहेत. कोट त्यांच्या लग्नातला होता, लोकरीचा. चौरंगाऐवजी धान्य मापायची पायली पालथी घालत. पौष असो की वैशाख, कोट घातल्याशिवाय आणि पायलीवर पाय ठेवल्याशिवाय त्यांनी तारेला बोट लावलं नाही. खळ्यावर माप चालू असलं आणि पायली सापडली नाही, की सालदार गडी न सांगता ओट्याकडे धावायचा.

वादन म्हणाल तर त्याचा मोठा भाग तारा लावण्यात जायचा. खुंट्या पिळायच्या, कान लावायचा, पुन्हा पिळायच्या. तास दीड तास हे झालं की मग दहा मिनिटं वाजवणं. त्यांना दोन चाली येत. एकीला ते 'इंग्रजी' म्हणत आणि दुसरीला 'मराठी'. कोणती कुठली हे त्यांच्याशिवाय कोणाला ओळखता येत नव्हतं. त्यांचं असंही म्हणणं होतं की गिटार ऐकून म्हैस पावशेर दूध जास्त देते. आमच्या विहीणबाई दूध काढायच्या, त्यांनी याला कधी दुजोरा दिला नाही. मोठ्या सोशिक बाई. त्यांचा एकच शेरा मी ऐकला आहे. "सवत बरी. सवत भाकरी तरी टाकस. ही नुसती कुरकुर करस."

माझी त्यांची पहिली भेट झाली ती सुमनसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा. मी नंदुरबारच्या कोर्टात कारकून, पगारी माणूस. मुलगा शिकलेला, घर चांगलं, असं कळलं म्हणून मेव्हण्यांना बरोबर घेऊन गेलो. वैशाखातली दुपार, जमीन तव्यासारखी तापलेली, आणि ओट्यावर मुलाचे वडील लोकरीचा कोट घालून, एक पाय पायलीवर ठेवून बसलेले. मेव्हण्यांनी माझा कोपर दाबला. "चला परत," ते पुटपुटले. पण तोवर लोटाभर पाणी पुढे आलं होतं. चहा झाला, मुलगा पाहिला, मुलगा आवडला. आता देण्याघेण्याचं बोलणं निघणार म्हणून मी सावरून बसलो. व्याही म्हणाले, "आते आयका." आणि वाजवायला लागले. वधूपित्याची अवस्था ज्याला ठाऊक आहे त्याला मी त्या दहा मिनिटांत काय केलं ते सांगायला नको. मान डोलावली, डोळे मिटले, मांडीवर बोटंही आपटली. थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कसं वाटनं?" मी म्हणालो, "वा!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं माझीच वाट पाहत होते. "माले काही नको, याही," ते म्हणाले. "हुंडा नको, मानपान नको. फक्त मी वाजाडस तव्हय पोरनी नाक मुरडानं नही." लग्न तिथेच ठरलं. परतीच्या एसटीत मेव्हण्यांनी पान जमवलं. मग म्हणाले, "घर सोन्यासारखं आहे. फक्त कानात बोळे घालून पोरगी पाठवा."

लग्न आमच्या दारात, नंदुरबारला झालं. नंदुरबारला वीज होती, लाऊडस्पीकर सांगितलेला होता, आणि मला पुढचं सुचायला हवं होतं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या जरा आधी व्याही वायरचं टोक घेऊन लाऊडस्पीकरवाल्याशी बोलताना दिसले. वरपित्याला अडवणार कोण? लाऊडस्पीकरवाल्याने वायरच्या आतल्या दोन तारा सोलल्या, कुठे तरी खुपसल्या, आणि निंबावर बांधलेल्या भोंग्यातून अशी किंचाळी निघाली की भटजींचा 'सावधान' घशातच राहिला. नवरदेवाची घोडी मांडवाच्या खांबाला बांधलेली होती. ती खांबासकट निघाली, आणि अर्धा मांडव तिच्यामागे गल्लीतून गेला. कोणाला इजा झाली नाही, एवढं नशीब. मांडवाच्या उरलेल्या अर्ध्या सावलीत सगळे घाबरून उभे असताना व्याही गिटारीकडे बघत शांतपणे म्हणाले, "हिना आवाज लांब जास." आमच्या बाजूची माणसं उखडली. पण अंतरपाटाआड सुमनचे खांदे हलत होते. ती रडते आहे असं समजून तिची आई धावली, तर पोरगी तोंडात पदर कोंबून हसत होती.

सासरी सुमन सुखात होती. रीत अशी की सुनेने सासऱ्याला 'मामा' म्हणायचं, पण त्याच्यासमोर बोलायचं नाही, पदर कपाळाखाली ठेवायचा, समोरून जायची वेळ आली तर भिंतीकडून जायचं. तिने ते सगळं पाळलं. दोन वर्षांत सासऱ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ठरल्याप्रमाणे गिटारीलाही नाक मुरडलं नाही. माहेरी आली की मात्र सासऱ्यांची नक्कल करून दाखवायची, तारा लावताना ते तोंड कसं वाकडं करतात ते. आम्ही हसून लोळायचो.

तिसऱ्या वर्षी तिचं पहिलं बाळ मेलेलंच जन्माला आलं. सव्वा महिन्याने जावयांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. ती आली ती माजघरात भिंतीकडे तोंड करून बसली. ताट पुढे केलं तर चार घास खायची, आंघोळ करायची, पण बोलणं नाही. आईशी नाही, माझ्याशी नाही. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, शेजारपाजारच्या बायका येऊन शहाणपण सांगून गेल्या. मी कोर्टात बसून एकच दावा चार चार वेळा नोंदवायचो आणि खोडायचो.

अशात बाजाराच्या दिवशी दुपारी दारात व्याही उभे. अंगात कोट, खांद्याला गोणपाटाच्या पिशवीत गिटार. "मिरचीना भाव देखाले ऊनू," म्हणाले. त्यांच्या शेतात मिरचीचं रोप मी कधी पाहिलं नव्हतं. सुमनची चौकशी त्यांनी केली नाही, रीत नव्हती. ओट्यावर बसले, पायली मागितली. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. घरात पोरगी अशी, आणि या माणसाला वाजवणं सुचतं! पण व्याह्याला उठ कसं म्हणणार? त्यांनी इंग्रजी वाजवली, मराठी वाजवली, घामाने चिंब झाले, कपभर चहा घेतला आणि चारच्या एसटीने गेले. पुढच्या बाजाराला पुन्हा हजर. पुन्हा मिरचीचा भाव. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. माझी बायको म्हणाली, "यांना सांगा तरी काही." मी म्हणालो, "पुढच्या वेळी सांगतो."

पुढच्या वेळी ते आले तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी मुद्दाम रजा घेऊन घरी थांबलो होतो, बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. ते तारा लावत होते. पिळत होते, छेडत होते, पुन्हा पिळत होते. आणि माजघरातून आवाज आला. बारीक, खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला.

"मामा, तिसरी तार उतरेल शे."

 स्वयंपाकघरात सुमनची आई हातात झारा घेऊन तशीच उभी राहिली. व्याह्यांनी दाराकडे पाहिलं नाही. गिटारीकडेच बघत, बाजारात भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं, "वरतीन का खालतीन?"

"खालतीन."

त्यांनी खुंटी पिळली. "आते?"

"अजून थोडी. हां. बस." मग जरा थांबून ती म्हणाली, "आनि तो कोट काढी टाका, मामा. उन्हाया शे."

एवढ्या वर्षांत त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने कोट काढला, घडी केली, बाजूला ठेवला. वाजवायला मात्र त्यांना त्या दिवशी जमलं नाही. मला हाताला धरून गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन गेले आणि तिथे, भर उन्हात, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, "ती बोलनी, याही! मन्हासंगे बोलनी!" आत ती आईजवळ रडत होती, मोठ्याने, पोटभर. ते रडणं ऐकून आम्हा दोघांना किती बरं वाटलं, हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

त्यानंतरचे पाच-सहा बाजार तिने त्यांची चांगलीच हजेरी घेतली. ही चूक, ती चूक, एवढ्या जोरात नका, ही तर तीच चाल झाली. दाराच्या आतून, पदर सांभाळून. शाळेत प्रार्थना तीच सांगायची, तिचा कान तयार होता. व्याही नापास मुलासारखे ऐकून घेत आणि खुशीत परत जात. पावसाच्या तोंडावर सुमन सासरी गेली.

दिवाळीच्या सुमारास कोर्टाला सुट्टी होती. सकाळी उठलो आणि वाटलं, जाऊन यावं. काम काहीच नव्हतं. लेकीच्या बापाने असं उगाच जाऊ नये म्हणतात, तरी शहाद्याची एसटी धरली, फाट्यावर उतरून चालत गेलो. मला अवचित बघून सुमन घाबरली. "आप्पा, काय व्हयनं?" व्याही शेतातून चिखलाचे पाय घेऊन धावत आले. "काय काम काढं, याही?"

मी म्हणालो, "काम काही नही. तुम्हनी गिटार आयकाले ऊनू."

 त्यांनी पाय धुतले, हात धुतले, आत जाऊन गिटार घेऊन आले. मांडीवर घेतली, उपरण्याने पुसली. तारेवर बोट ठेवलं, काढलं. त्यांचं तोंड एखाद्या नव्या नवरीसारखं झालं होतं. मग म्हणाले, "आज नको, याही. बोटं दुखी ऱ्हायनात." तेव्हा माझ्या लक्षात आलं, या माणसाला आजवर कोणी 'वाजवा' असं म्हटलंच नव्हतं. मी पहिला. आम्ही दोघं मग केळीच्या बागेकडे बघत बसून राहिलो. फाट्यापर्यंत ते मला सोडायला आले. एसटी आली तेव्हा म्हणाले, "पुढला येळे या. तवलोंग तयारी करस."

पुढच्या वेळी गेलो तर म्हणाले, अजून थोडी बाकी आहे. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. गावात वीज आली, दोन नातवंडं झाली, ती गिटारीच्या तारा तोडण्याच्या वयाची झाली. शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, म्हशीसमोर ते अजूनही बिनदिक्कत वाजवतात. मी दिसलो की मात्र हात पुसून गप्प बसतात आणि पिकाचं बोलायला लागतात. परवा सुमनचं कार्ड आलं. घरची खुशाली, मुलांचा खोकला, आणि शेवटी जागा उरली होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मामा रोज दुपारी तुमच्यासाठी तयारी करतात. आता बरंच जमतं. पण तुम्हाला सांगू नको म्हणाले आहेत.'

कार्ड कोटाच्या खिशात घालून मी कोर्टात गेलो. दिवसभर ते तिथेच होतं.