मिस्त्रींचा कान

कतारगाममधल्या एका जुन्या, विटांच्या शाळेला भूकंपात टिकण्यासाठी मजबुती द्यायचं काम चालू होतं आणि ऑफिसकडून तपासणीला मी जायचे. तिथले खानदेशी मिस्त्री गिलाव्यात मिसळायचे बारीक तंतू कुणालाही पिशवीतून थेट ओतू देत नसत. शेवया मोकळ्या कराव्यात तसे ते स्वतः बोटांनी सुटे करत. "गुंता राहिला तर भिंतीत ताकद नाही, चिमणीचं घरटं होईल," असं मजुरांना दटावत. माझं गुजराती वळणाचं, अडखळतं मराठी ऐकून मात्र फक्त गालात हसत.

एका दुपारी त्यांनी नव्या गिलाव्यावर थापीची मूठ ठोकली. आवाज पोकळ आला; गिलावा भिंतीला नीट धरला नव्हता. मीही तो ऐकला.

"चालशे बेन, पास लखी नाखो," ठेकेदार म्हणाला. 'पास' लिहून टाकायला मी पेन उघडलं.

"ताई, ऐकलं ना तुम्ही?" मिस्त्रींनी विचारलं.

मी खाली पाहिलं.

"जुना चुना खरवडायचा राहून गेला. चूक माझीच," म्हणत त्यांनी छिन्नी उचलली आणि ते आपलंच दोन दिवसांचं काम फोडायला लागले. "पोरं या भिंतीला पाठ लावून बसतात."

ठेकेदार चिडून माझ्याकडे वळला. "बेन, तुम्ही तरी थांबवा याला!"

"खिडकीखालीसुद्धा पोकळ आहे," मी म्हणाले. "परवाच ऐकलं होतं."

मिस्त्रींनी छिन्नी माझ्या हातात दिली आणि ते खिडकीजवळची बाकं सरकवायला गेले.