हातात न दिलेली कैची

स्वतःची चूक कबूल करायला मला तीन आठवडे लागले. माझा स्वभाव बघता ते लवकरच म्हणायचं.

पाटोद्यात बाजाराच्या रस्त्याला पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन मी हातात धरायचं एक यंत्र तयार करत होते. बोटं अडकवायला दोन कड्या, पुढे रबर लावलेले दोन जबडे, वर छोटा कॅमेरा. ते धरून सीताफळ उचलायचं आणि क्रेटमध्ये ठेवायचं. कॅमेऱ्यात ते सगळं साठायचं. पुढे कुठल्या तरी गोदामातला रोबो ते पाहून फळ न चेपता उचलायला शिकणार होता. हे काम देणारी पुण्याची कंपनी दर फोनवर एकच विचारायची, टिकतं का? मी ते कमरेच्या उंचीवरून फरशीवर पुन्हा पुन्हा पाडून बघितलं होतं. टिकत होतं.

कामाला आठ बायका आणि यंत्रं तीन. पहिल्याच दिवशी बायकांनी त्याचं नाव कैची ठेवलं. त्यांच्यात माझी चुलतीही होती. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालणारी, डबा करून देणारी माझी काकू. सीताफळाचे डोळे उघडलेत की नाही हे ती लांबून सांगायची. बाकीच्यांना कैची धरायला तिनंच शिकवलं.

"जल्मात पैल्यांदा कुनी माझ्या हाताचं काम बघतंय," ती म्हणायची. "न्हाईतर तुझ्या काकाला भाकरी दिसती, हात न्हाई दिसत."

मग जबडे तुटायला लागले. धक्का बसला की यंत्र त्याची नोंद ठेवायचं. मी ती काढून बघितली, तर सगळ्यात जास्त धक्के काकूच्या पाळीतले. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "काकू, तू पाडतेस आणि सांगत नाहीस."

"म्या पाडली न्हाई."

"मग मशीन खोटं बोलतं का?"

शेडमधले सगळे हात थांबले. काकूनं पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि ती गेली. मी तिला थांबवलं नाही. उलट आता तरी तुटणं थांबेल असं वाटलं. आजही हे आठवलं की मला माझी लाज वाटते.

तुटणं थांबलं नाही. तुटके जबडे पिशवीत घालून मी मांजरसुंब्यावरून बीडला गेले, लेथवाल्या चाचांकडे. यंत्राचे धातूचे भाग तेच करून द्यायचे. मी काकूचं सगळं सांगितलं. त्यांनी जबड्याच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"बेटा, पडलेली चीज कोपऱ्यावर फुटती. ही तर टोकाला झिजत झिजत गेली हाय. हिला कोनतरी रोज टेकवतंय. काहून टेकवतंय ते आधी बघ. कुनी तोडली ते मागनं."

कॅमेऱ्यात तर सगळं होतंच. पण फळ पकडल्यापासून सोडेपर्यंतचा तुकडा ठेवून बाकीचं मी बघायचेच नाही. त्या दिवशी काकूच्या पाळीतलं न कापलेलं चित्रण लावलं. फरशी सावकाश जवळ येते. जबडे टेकतात. हिरव्या बांगड्यांचा हात मागे सरकतो, काकूचा हात पुढे होऊन कैची उचलतो. आणि टेकण्याआधी काकूचा आवाज येतो, "खाली ठिव गं. हातात दिऊ नगं, भांडन व्हतं."

पाळी बदलली की दर वेळी हेच. शिकवणारी काकू, म्हणून देवाणघेवाण तिची जास्त, म्हणून धक्केही तिच्याच नावावर.

कैची, विळी, मिरची कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची. हे मला काय नवीन होतं? काकूच्याच स्वयंपाकघरात वाढले मी. यंत्र उंचावरून पाडून बघायची अक्कल मला होती. आपापसात भांडण नको म्हणून बायका ते जपून खाली ठेवतील, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

चाचांनी जबड्यांच्या मागे तीन बुटके पाय बसवून दिले. खाली ठेवली की कैची पायांवर उभी राहायची आणि टोकं फरशीला लागायची नाहीत. आठवडाभर एकही जबडा तुटला नाही. तेव्हा कुठे मी काकूच्या दारात गेले.

ती सुपात बाजरी पाखडत होती.

"काकू, तू पाडली नव्हतीस. माझं चुकलं. चल, सगळ्यांसमोर सांगते," मी म्हणाले आणि घाईघाईनं कैची तिच्यापुढे धरली.

तिनं हात मागे घेतले. "खाली ठिव."

मी ठेवली. तिनं उचलली, पाय निरखून बघितले, दोनदा उघडझाप केली. "चांगलं केलंस," म्हणाली. मला वाटलं, आता उठेल.

तिनं कैची माझ्यासमोर, पायांवर नीट उभी करून ठेवली.

"ने. म्या न्हाई यायची आता," ती म्हणाली आणि सूप पुढ्यात ओढलं. "पर तुझ्याशी भांडन न्हाई."

मला रडू आवरेना. कैची तशीच तिथं होती, मी उचलायची वाट बघत काकू थांबली होती.