लखनचं जाहीर अभिनंदन

महिपतीचं डोकं फिरलं की तो मिरचीच्या प्लॉटात जाऊन तण उपटत बसतो. निमगाव केतकीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. "तात्याचा प्लॉट आज लई चकाचक दिसतोय," असं कुणी म्हणालं की समजायचं, त्याच्या सभेतला कुणीतरी परत प्यायला लागला.

नऊ वर्षांमागं महिपतीही त्यातलाच. थोरल्या लेकीच्या, श्रेयाच्या साखरपुड्यात भर पंगतीत पाहुण्यांच्या ताटावर आडवा झालेला माणूस. लग्न कसंबसं पार पडलं, पण लेकीनं पुढं दोन वर्षं बापाला साधा फोन केला नाही. त्याची दारू सुटली ती बारामतीच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून, औषधं घेऊन आणि तिथल्या समुपदेशक स्वरूपा मॅडमपुढं बसून तासन्‌तास बोलून. आता दर गुरुवारी संध्याकाळी भाजीच्या शेडमागच्या खोलीत तो स्वतः सभा भरवतो. सात-आठ माणसं, एक सतरंजी, कोरा चहा. इथलं नाव बाहेर न्यायचं नाही, आणि कुणी बोलायला लागलं तर मधे तोंड घालायचं नाही, एवढंच काय ते बंधन. उपदेश नको, शाबासकी नको, आणि टाळ्या तर मुळीच नकोत.

पण सांगायचं कुणाला? दारू सोडवायची म्हटलं की आपल्याकडं ज्याच्या त्याच्याकडं उपाय तयार. कुणी नरसिंहपूरला नेऊन देवापुढं शपथ घालतं, कुणी झाडाला बांधून चोपतं, कुणी बाजारातली कसली तरी पूड कालवणात मिसळतं. माणूस का पितो, हे विचारायला मात्र कुणाला सवड नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

वरकुट्याच्या लखनवर हे सगळे उपाय करून झाले होते. तीन वर्षांमागं उसाच्या फडात ट्रॅक्टर मागं घेताना त्याचा धाकटा भाऊ अविराज ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे सापडून गेला. ट्रॅक्टर लखनच चालवत होता. तेराव्यापासून तो प्यायला लागला, तो थांबलाच नाही. घरात अविराजचं नाव काढायची बंदी. फोटोसुद्धा पेटीत घातलेला. "त्याला त्रास नगं," म्हणून. वा रे शहाणे! नाव काढलं नाही म्हणून तो विसरणार होता का? दोनदा शपथ झाली, दोनदा मोडली. मग आईनं, प्रयागबाईनं, चोरून पूड घातली आणि तो पिऊन आल्यावर असा काही तडफडला, ओकला, की पोरगा हातचा जातोय असं तिला वाटलं. तेव्हा कुठं ती महिपतीकडं आली.

महिपतीनं त्याला गाडीवर घालून बारामतीला नेला. महिनाभर तिथं ठेवला. डॉक्टरांनी औषधं दिली, हातांची थरथर थांबली, भूक लागायला लागली. पण स्वरूपा मॅडमनी निघताना महिपतीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "दारू उतरली आहे हो, तो दिवस उतरलेला नाही. तो त्याच्या तोंडून बाहेर यायला हवा. ओढून काढू नका, वाट बघा."

मग महिपतीनं वाट बघितली. लखन दर गुरुवारी यायचा, "मी लखन," म्हणायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. चहा प्यायचा, जायचा. असं तीन महिने! महिपतीच्या अंगाची नुसती लाहीलाही व्हायची, पण दात-ओठ खाऊन गप्प राहिला. आणि एका सोमवारी लखन आपण होऊन प्लॉटावर आला. म्हणाला, "तात्या, येत्या गुरवारी बोलीन म्हनतो. त्या दिवसाचं."

"ये," महिपती म्हणाला. आनंदानं डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दिसू नये म्हणून मिरच्या तोडत राहिला.

आणि बुधवारी सकाळी वरकुट्याच्या स्टँडवर फ्लेक्स लागला.

बारा बाय आठचा! "व्यसनावर मात करणारे आमचे लाडके लखनदादा यांचे जाहीर अभिनंदन!" मधे काळा गॉगल घातलेला लखन. वर गावातल्या सतरा पुढाऱ्यांची मुंडकी. खाली 'मार्गदर्शक' म्हणून महिपतीचा फोटो, तोही श्रेयाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. शेवटी ठळक अक्षरात 'शुभेच्छुक: मानसिंग आबा'. हे लखनचे चुलते, दूध संस्थेचे चेअरमन. आणि सत्काराची वेळ गुरुवारी संध्याकाळी सहा. सभेचीच.

आता काय म्हणावं ह्या माणसाला? वाढदिवस झाला, लाव फ्लेक्स. नवी गाडी घेतली, लाव फ्लेक्स. पुतण्याची दारू सुटली, तर तीही स्टँडवर टांगून ठेवायची?

महिपती तसाच गाडी घेऊन आबाच्या दारात गेला. "आबा, आधी तो बोर्ड उतरवा."

"का वो महिपतराव? चांगल्याला चांगलं म्हनायचं न्हाय का?"

"आमच्यात नाव बाहेर काढत न्हाईत. त्याची जखम अजून ओली हाय. उद्या एखादा घोट गेला त्याच्या पोटात, तर ह्या बोर्डाखालनं घरी कसा जाईल तो?"

"तुमी तर आत्ताच त्याच्या तोंडाला बाटली लावाय निघालाय की!" आबा हसले. "अवो, चार लोकांत नाव झालं की मानूस लाजंनं तरी पीत न्हाय."

पालथ्या घड्यावर पाणी! महिपती पुढं होऊन आणखी सुनावणार होता, एवढ्यात प्रयागबाई आतून आली. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "भाऊ, तीन वरसं झाली, आमच्या दाराला कुनी हार आनला न्हाय. होऊ द्या की एक दिस." तिच्यापुढं महिपतीचं काही चालेना. लखन उंबऱ्यात बसला होता. त्यानं वरसुद्धा बघितलं नाही. आपण उगीच नमतं घेतलं, असं महिपतीला गाडी चालू करतानाच वाटलं, पण तो माघारी फिरला नाही.

गुरुवारी मंडप, स्पीकर, शंभरेक माणूस. शाल झाली, श्रीफळ झालं. महिपतीलाही स्टेजवर ओढून बसवला. तीन भाषणं झाली, तिन्हींत लखन कमी आणि आबा जास्त. मग आबांनी माईक लखनच्या हातात दिला. "बोल, दारू कशी सोडली, सांग तरुन पिढीला."

लखननं माईक धरला. महिपतीकडं एकदा बघितलं. आणि म्हणाला, "त्या दिवशी... अविराज मागं हुता. मी ट्रॅक्टर..."

महिपती खुर्चीच्या कडेला सरकला. अरे, हा बोलतोय! हितंच बोलतोय! बोल बाबा, बोल.

"न्हाय न्हाय, त्ये न्हाय आज!" आबांनी माईक काढूनच घेतला. "मंडळी, ट्रॅक्टरवर गानी मोठ्यानं चालू हुती, लखनला हाक ऐकू आली न्हाय, यात त्याचा काय दोष? झालं गेलं गंगेला मिळालं. लखनसाठी जोरदार टाळ्या होऊ द्या!"

झाल्या टाळ्या. कडकडाट झाला. लखन मुकाट्यानं खाली बसला आणि मांडीवरची शाल नीट करत राहिला.

शुक्रवारी महिपती वरकुट्याला गेला तेव्हा प्रयागबाई दारातच रडत होती. पोरगा रात्रीपासून घरात नव्हता. महिपतीला तो सापडला विहिरीजवळ, मोटारीच्या खोलीमागं. लांबूनच वास आला. डोळे तांबडे, शर्टावर ओकारी.

महिपतीच्या तोंडाशी शिव्या आल्या. आबाला, स्टँडला, त्या गॉगलला, सगळ्या जगाला. "त्या आबाच्या तर मी..." असं म्हणत तो समोर बसला. "माईक हिसकावला त्यानं. अक्कल न्हाय काडीची!"

"आबाचं सोडा," लखन म्हणाला. आवाज बसलेला होता, पण शुद्ध पुरती होती. "आबा तसलंच हायती. तुमी टाळ्या का वाजवल्या, तात्या?"

वाजवल्या होत्या. शंभर माणसांनी वाजवल्या, स्टेजवर हात बांधून कसं बसायचं, म्हणून त्यानंही वाजवल्या होत्या. रात्रभर आबाला शिव्या घालताना हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "लोकांना भ्यालो."

विहिरीवरची मोटार चालू होती. लखन किती तरी वेळ पाइपातनं पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिला.

"गानी लागली नव्हती," लखन म्हणाला. "लोकांनी आपलं आपनच ठरवलं. अविराज 'थांब दादा' म्हनला. मला ऐकू आलं. चांगलं ऐकू आलं. कारखान्याच्या काट्यावरचा नंबर जाईल म्हनून मी ट्रॅक्टर आनखी हातभर मागं घेतला."

"तुझा काय दोष" हे शब्द महिपतीच्या अगदी जिभेवर आले होते. ते त्यानं गिळले.

"पुढं?" तो म्हणाला.